जुना पीसी इंटरनेटला जोडताना : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. जवळजवळ प्रत्येक घरात एकच दृश्य दिसतं. हॉलमध्ये फायबर आलेलं असतं, सगळ्यांच्या हातात मोबाईल असतो आणि आतल्या खोलीत कापडाखाली एक जुना पीसी झाकून ठेवलेला असतो. त्यात लग्नाचे फोटो असतात, सोसायटीचे हिशेब असतात, मुलीचे शाळेतले प्रोजेक्ट असतात. तो टाकवत नाही आणि नेटला जोडायला गेलं की कुठेतरी अडतं. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पाठवतात, तेच इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. आमचा पीसी २००८ सालचा आहे. त्याला आजचं इंटरनेट चालेल का?

चालेल. पण "नेट चालणं" यात दोन निराळी कामं आहेत आणि ती सुटी करून पाहिली की निम्मा गोंधळ संपतो. पहिलं काम म्हणजे नेट पीसीपर्यंत पोचणं. त्यात वायर, वायफाय आणि आयपी पत्ता (नेटवर्कवर पीसीला मिळणारा क्रमांक) येतो. दुसरं काम म्हणजे नेट पोचल्यावर आजच्या साइट्सनी त्या पीसीला आत घेणं. त्यात तारीख, सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) आणि ब्राउझर येतात. पहिल्या कामात जुन्या मशिनचं फारसं अडत नाही. पीसीच्या मागचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर लावायची जागा, वीस वर्षांपूर्वी जसं होतं तसंच आज फायबरच्या डब्यावर आहे आणि दोघं एकमेकांना नीट ओळखतात. खरी अडचण दुसऱ्या कामात येते.

म्हणून कुणी "नेट लागत नाही" म्हणालं की मी आधी विचारतो, सगळंच बंद आहे की थोड्या साइट्स उघडतात? सगळंच बंद असेल तर प्रश्न ४ ते १० वाचा. काही उघडतं, काही नाही, असं असेल तर थेट ११ वर जा.

२. पीसीत कुठलं विंडोज आहे, रॅम किती आहे, हे कुठे दिसतं?

"माय कॉम्प्युटर"वर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज" उघडा. तिथे विंडोजचं नाव, रॅम आणि प्रोसेसर दिसतो. विंडोज ७ आणि त्यापुढे "सिस्टीम टाइप"समोर ३२-बिट की ६४-बिट तेही लिहिलेलं असतं. त्या खिडकीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या प्रत्येक निर्णयाला तो लागतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, व्हिस्टाची ११ एप्रिल २०१७ ला, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. देखभाल थांबली म्हणजे विंडोज बंद पडतं असं नाही. त्या तारखेनंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं मात्र नेहमीच्या अपडेटने बुजत नाहीत.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. विंडोज ३२-बिट असलं तरी प्रोसेसर ६४-बिट असू शकतो. कोअर टू ड्युओवाले सगळे पीसी असे आहेत. प्रश्न १६ मध्ये याचा फायदा होतो.

३. सात-आठ वर्षं बंद असलेला पीसी थेट चालू केला तर चालेल ना?

कृपा करून थेट बटण दाबू नका. आधी वीजजोडणी काढून कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. मदरबोर्डवर छोटे उभे डबे दिसतील, ते कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असलं पाहिजे. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकटा बाहेर आला असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. मागे पॉवर सप्लायवर लाल सरकपट्टी असेल तर ती २३० वरच हवी. मुलांनी खेळता खेळता ती ११५ वर सरकवलेली मी पाहिली आहे आणि तशात वीज दिली की सप्लाय उडतो.

मग रॅम. खाडीकाठच्या हवेत, विशेषतः वाशी-कोपरखैरण्याच्या बाजूला, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर दाबून रॅम काढा, शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरने त्या पट्ट्या एकाच दिशेने हलकेच घासा, रबराचा चुरा झटका आणि 'कट्' आवाज येईपर्यंत रॅम परत बसवा. चालू केल्यावर लांब लांब बीप येत राहिले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर बहुतेक वेळा इलाज एवढाच असतो. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे कितीतरी "मेलेले" पीसी खोडरबरने उठले आहेत.

पीसी उठला की नेटच्या मागे लागण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. जुनी डिस्क पुन्हा किती वेळा उठेल याचा भरवसा नसतो. एक्सपीला नवा पेनड्राइव्ह दिसत नसेल तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता असते. दुसऱ्या मशिनवर फॅट३२ करून आणा. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

४. घरात फायबर आहे, पण पीसीला वायफाय नाही. काय विकत घ्यायचं?

एक लॅन केबल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. कॅट-५ई किंवा कॅट-६ची तयार केबल घ्या. एक टोक फायबरच्या डब्यावर जिथे "लॅन" लिहिलंय तिथे आणि दुसरं पीसीच्या मागे. टक् आवाज आला आणि पोर्टजवळचा छोटा दिवा लागला की जोडणी झाली. केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरातल्या घरात लांबीची चिंता नको.

तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असला आणि पीसीवर स्पीड टेस्ट ९४च्या आसपास अडकली, तर कंपनीशी भांडू नका. जुन्या पीसीतलं लॅन कार्ड बहुधा १०० एमबीपीएसचं असतं आणि त्यातून हातात एवढंच येतं. व्हिडिओ कॉलला आणि मेलला ते भरपूर आहे.

५. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत. भिंती फोडायच्या नाहीत. मग?

यूएसबी वायफाय अडॅप्टर मिळतो, छोट्या पेनड्राइव्हसारखा. विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर तो घ्या. एक्सपी असेल तर घेण्याआधी खोक्यावर एक्सपीचं नाव आहे का ते वाचा. नव्या अडॅप्टरांना एक्सपीचे ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र ओळखायला लावणारे प्रोग्रॅम) बहुधा नसतात.

मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त आवडतो. जवळजवळ प्रत्येक घरात माळ्यावर एक जुना राउटर पडलेला असतो, आधीच्या कनेक्शनचा. त्याच्या सेटिंगमध्ये "क्लायंट", "ब्रिज" किंवा "रिपीटर" अशी सोय असेल, तर तो हॉलमधलं वायफाय पकडतो आणि आपल्या लॅन पोर्टातून पीसीला देतो. पीसीला वाटतं वायर लावली आहे. ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही, विंडोज कितीही जुनं असो. वायफायच्या ज्या कटकटी पुढच्या प्रश्नात आहेत, त्याही पीसीऐवजी त्या राउटरच्या वाट्याला जातात.

६. जुन्या लॅपटॉपला शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात, आमचंच दिसत नाही. किंवा दिसतं, पण पासवर्ड बरोबर असून घेत नाही.

आधी लॅपटॉपच्या पुढच्या कडेला किंवा बाजूला हात फिरवून बघा. त्या काळच्या अनेक लॅपटॉपांना वायफायची छोटी सरकपट्टी असायची. ती बंद असेल तर कुठलंच नेटवर्क दिसत नाही.

फक्त तुमचंच दिसत नसेल तर कारण बहुधा वायफायच्या लहरींच्या पट्ट्याचं (बँडचं) असतं. अनेक जुन्या कार्डांना २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ गिगाहर्ट्झ कळत नाही. राउटरमध्ये २.४ चालू करा आणि त्याला वेगळं नाव द्या. नावापुढे "५जी" लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. तरीही दिसेना तर चॅनल पाहा. आपल्याकडे राउटर १२ आणि १३ हे चॅनलही निवडू शकतो, पण काही जुनी कार्डं ११च्या पुढे ऐकत नाहीत. १, ६ किंवा ११ ठरवून द्या.

पासवर्ड घेत नसेल तर सुरक्षेची पद्धत जुळत नाही असं समजा. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं, त्याआधीच्या बहुतेक कार्डांना ते समजत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२ ठेवा. एक्सपीला डब्ल्यूपीए२ नीट समजायला सर्व्हिस पॅक ३ लागतो. काहीही झालं तरी पासवर्ड काढून टाकू नका आणि डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत निवडू नका, तिचं कुलूप कुणीही मिनिटांत उघडतो. सगळ्या घराचं वायफाय जुन्या पद्धतीवर आणण्यापेक्षा "गेस्ट नेटवर्क" फक्त या लॅपटॉपसाठी २.४ वर चालू करा. घरातल्या बाकी मोबाईलांना धक्का लागत नाही.

७. घरी ब्रॉडबँड नाही. मोबाईलच्या डेटावर पीसी चालेल का?

चालतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने पीसीला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा. वायर डेटाची हवी. फक्त चार्जिंगची स्वस्त वायर असेल तर पीसीला फोन दिसतच नाही आणि लोक फोनला दोष देतात. विंडोज ७ बहुतेक फोन आपोआप ओळखतं, एक्सपी ड्रायव्हर मागतं, लिनक्सला (विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत सिस्टीम) काही लागत नाही. लॅपटॉपवर हॉटस्पॉट वापरणार असाल तर फोनमधला हॉटस्पॉटचा पट्टा २.४ वर आणा. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

विंडोज १० असेल तर हे कनेक्शन "मीटर्ड", म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदवा, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटमध्येच संपेल. कपाटातले जुने सीडीएमए डाँगल काढू नका. ती नेटवर्कच बंद झाली आहेत, त्यात आता कुठलंही सिम टाकून उपयोग नाही.

८. भिंतीवर टेलिफोनचं जुनं सॉकेट आहे आणि पीसीत मोडेमही आहे. त्यावर काही होईल का?

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मोडेमने फोन लावूनच नेट मिळायचं. ठाणे आणि नवी मुंबई फोनसाठी एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत त्या मोडेमची घरघर लोकांच्या अजून कानात आहे. ५६ केबीपीएस हा त्याचा कळस. आजचं एखादं साधं पान त्यावर उघडायला मिनिटं लागतील. त्यात वेळ घालवू नका.

एक काळजी मात्र घ्या. टेलिफोनची पिन अरुंद असते आणि ती लॅनच्या रुंद पोर्टात सहज शिरते. चरईतल्या एका घरी फोनच्या सॉकेटमधली वायर पीसीच्या लॅन पोर्टात लावलेली होती आणि घरचे दोन दिवस नेटची वाट पाहत होते. लॅनच्या पिनेत आठ तारा दिसतात, फोनच्या पिनेत दोन किंवा चार.

९. केबलवाल्याचं नेट आहे. त्याची वायर राउटरला लावली तर चालतं, थेट पीसीला लावली तर नाही. असं का?

दोन कारणं असतात. बहुतेक स्थानिक ऑपरेटर युजरनेम-पासवर्ड देतात आणि ते राउटरमध्ये भरून ठेवलेले असतात. याला पीपीपीओई म्हणतात. थेट पीसीला लावायचं तर तेच पीसीत नवं "ब्रॉडबँड कनेक्शन" बनवून भरावं लागतं. एक्सपीपासून पुढे ही सोय विंडोजमध्येच आहे. दुसरं कारण मॅक पत्त्याचं. प्रत्येक लॅन कार्डाला जन्मापासूनचा एक क्रमांक असतो. ऑपरेटर आपल्या बाजूला पहिल्या यंत्राचा क्रमांक बांधून ठेवतो, यंत्र बदललं की नेट बंद. ऑपरेटरला फोन करून "मॅक रिलीज करा" एवढंच सांगा, दोन मिनिटांत होतं.

तरी माझा आग्रह असा की जुना पीसी कधीही थेट वायरीवर ठेवू नका. मध्ये राउटर असू द्या. बाहेरून येणारा माणूस आधी राउटरला धडकतो, पीसीला नाही. असं का म्हणतो ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. खाली "कनेक्टेड" दिसतंय, पण एकही साइट उघडत नाही.

स्टार्टमध्ये "रन" उघडून सीएमडी टाइप करा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग टाइप करून एंटर दाबा. आता "आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस"समोरचा आकडा वाचा. एक्सपीत नुसतं "आयपी अ‍ॅड्रेस" असतं.

आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल तर पीसीला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. केबल बदलून बघा, राउटर बंद-चालू करा. आकडा १९२.१६८ने सुरू होत असेल तर राउटरपर्यंत रस्ता बहुधा ठीक आहे. मग पिंग लिहून जागा सोडून ८.८.८.८ टाइप करा. उत्तरं येत असतील आणि साइट उघडत नसेल तर नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, डीएनएस, बिघडली आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

जुन्या पीसीत मात्र खरा चोर बहुतेक वेळा तिसराच निघतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ऑपरेटरने त्याच्या नेटसाठी आयपी पत्ता हाताने भरून ठेवलेला असतो. तो ऑपरेटर गेला, राउटर तीनदा बदलला, पण पीसी अजून तोच पत्ता धरून बसलेला असतो. नेटवर्क कनेक्शनच्या "प्रॉपर्टीज"मध्ये इंटरनेट प्रोटोकॉल उघडा आणि दोन्ही ठिकाणी "आपोआप मिळवा" हा पर्याय निवडा. त्याचबरोबर इंटरनेट ऑप्शन्समधली प्रॉक्सीची (नेट मधल्या दुसऱ्या मशिनमार्फत घेण्याची) खूण काढून टाका. ऑफिसमधून घरी आणलेल्या पीसीत ती हमखास उरलेली असते. घरी गेल्यावर मी हे दोन्ही आधी पाहतो आणि मगच बाकीचं.

११. प्रत्येक साइटवर "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असं लाल दिसतं. व्हायरस आहे का?

बहुधा नाही. खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

कोपरखैरण्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो होतो. त्याआधी दोघांनी पीसी पाहिला होता, एकाने विंडोज नव्याने टाकलं होतं, राउटरही बदलला होता. मी खुर्चीवर बसलो आणि माउस घड्याळावर नेला. १ जानेवारी २००२. बाई म्हणाल्या, "ते तर रोज तसंच असतं हो, मी रोज बदलते, दुसऱ्या दिवशी परत मागे." मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. पीसी बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की पीसी दर वेळी आपल्या जन्माच्या तारखेला परत जातो. साइटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असतं. पीसीच्या हिशेबाने ते अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो.

बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. वीजजोडणी काढा, खिट्टी बाजूला करून जुनी उचला, नवी अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवा. पहिल्यांदा चालू करताना चेकसमचा संदेश येऊन एफ१ दाबायला सांगेल, दाबा. तारीख, वर्ष आणि भारताची वेळ लावा. बाईंच्या पीसीवर त्याच संध्याकाळी पुण्याच्या नातवाचा चेहरा दिसला.

१२. तारीख बरोबर आहे, तरी काही साइट्स उघडतात, काही नाहीत.

इथेही दोन कारणं. साइटचं सर्टिफिकेट खरं की खोटं हे ठरवायला पीसीत विश्वासू नावांची एक यादी असते. अपडेट न झालेल्या पीसीत ती यादी जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशा यादीतलं एक मोठं नाव मुदत संपून बाद झालं. लाखो साइट्स वापरतात त्या लेट्स एन्क्रिप्टच्या मोफत सर्टिफिकेटांचा आधार तेच नाव होतं. ज्यांच्याकडे नवं नाव पोचलं नाही, त्यांना त्या साइट्स खोट्या वाटू लागल्या. दुसरं कारण भाषेचं. पीसी आणि साइट एकमेकांशी गुप्तपणे बोलतात त्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या बोलीत बहुतेक साइट्स आता बोलत नाहीत, मोठ्या ब्राउझरांनीही २०२० मध्ये त्या सोडल्या.

विंडोज ७ वर माझा उपाय फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ देखभाल मिळणारी आवृत्ती). फायरफॉक्स विश्वासू नावांची यादी स्वतःबरोबर आणतो, विंडोजच्या यादीवर विसंबत नाही. क्रोम विंडोज ७ वर १०९ या आवृत्तीला थांबला. इंटरनेट एक्सप्लोरर विसराच, तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला.

१३. एक्सपीवर कुठला ब्राउझर टाकू?

क्रोम ४९ला थांबला, फायरफॉक्स ५२ ईएसआरला. दोन्हींवर आजच्या साइट्स अर्धवट दिसतात. स्वतंत्र लोकांनी बनवलेले मायपाल आणि सुपरमियम हे ब्राउझर एक्सपीवर चालतात आणि पानं बऱ्यापैकी उघडतात. बातम्या वाचायला ठीक. पण त्यांत पासवर्ड, बँक, आधार यातलं काहीही टाइप करू नये, हे माझं ठाम मत आहे. ब्राउझर नवा झाला तरी खालचं विंडोज २०१४ मध्येच थांबलेलं आहे.

१४. आमच्या घरच्या पीसीत चोरण्यासारखं काय आहे? एवढं घाबरायचं का?

तुमच्या घराला निवडून कुणी येत नाही, आपोआप पसरणारे प्रोग्रॅम येतात. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने विंडोजचं एक भोक वापरून जगभरचे अपडेट न केलेले पीसी कुलूपबंद केले. त्यानंतरच्या जूनमध्ये नॉटपेट्याने तेच भोक वापरलं, आणि आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

घरी एवढं करा. पीसी राउटरमागे ठेवा. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं खातं बनवा. फाइल शेअरिंग बंद करा. बँकेचं काम मोबाईलवरच करा, तो तुमच्या पीसीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणून फोन आला आणि स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

१५. मग सरळ विंडोज ११ का टाकू नये?

अधिकृतपणे त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. आडमार्गाने टाकून देणारे दुकानदार भेटतील, पण कोअर टू ड्युओवर विंडोज ११च्या ताज्या आवृत्त्या मुळातच चालू होत नाहीत. विंडोज १० आधीच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. ७ वरून आता नव्याने १० वर जाण्यात पैसे घालू नका, त्यापेक्षा लिनक्स टाका.

१६. लिनक्स टाका म्हणता, पण ते आम्हाला झेपेल का?

ब्राउझर उघडायचा, मेल वाचायची, व्हिडिओ बघायचा, एवढं काम असेल तर झेपतं. सत्तरीतल्या लोकांना मी ते वापरताना रोज बघतो. प्रोसेसर ६४-बिट आणि रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट एक्सएफसीई घ्या. २ जीबीवरही चालतं, फक्त एका वेळी दोन-तीन टॅबच उघडायचे. प्रोसेसर खरंच ३२-बिट असेल तर पर्याय कमी होत चालले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२-बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती अशा मशिनला अजून हात देते.

लिनक्सची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे टाकण्याआधी चालवून बघता येतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह बनवा, जुन्या पीसीत लावा, चालू करताना एफ१२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. हार्डडिस्कला हात न लावता सगळं समोर येतं. वायफाय धरतं का, आवाज येतो का, मराठी दिसतं का, ते तासभर पाहा आणि मग ठरवा. फारच जुना पीसी पेनड्राइव्हवरून उठत नाही, त्याला डीव्हीडी लागते. हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली तर फरक पहिल्याच मिनिटात कळतो. ४ जीबी आणि ६४-बिट असेल तर गुगलचं क्रोम ओएस फ्लेक्सही चांगलं आहे, पण त्यात नेट गेलं की फार काही करता येत नाही.

१७. मराठी साइटवर चौकोन दिसतात. आणि सोसायटीच्या जुन्या नोटिसा उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हे दोन निराळे आजार आहेत. चौकोन म्हणजे पीसीला युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी आजची पद्धत) मराठी दाखवता येत नाही. एक्सपीत कंट्रोल पॅनलमधल्या "रीजनल अँड लँग्वेज"मध्ये जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीची खूण करावी लागते आणि ते विंडोजची सीडी मागतं. ७ पासून पुढे हे आपोआप येतं.

खिचडी म्हणजे ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, श्री-लिपी, आकृती, कृतिदेव किंवा शिवाजी अशा एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तो फाँट पीसीत असेल तरच ती वाचता येते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की जुना पीसी फॉरमॅट करण्याआधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं "फाँट्स" हे फोल्डर बाहेर उतरवून ठेवा. वर्तकनगरच्या एका सोसायटीची वीस वर्षांची इतिवृत्तं त्या एका फोल्डरमुळे वाचता आली. फॉरमॅटनंतर तो फाँट शोधत फिरणं फार अवघड जातं.

१८. जूनमध्ये वीज कडाडली आणि तेव्हापासून लॅनचा दिवाच लागत नाही.

गच्चीवरून इमारतीबाहेरून तांब्याची केबल आलेली असेल तर विजेचा धक्का त्यातून थेट लॅन पोर्टात येतो. पोर्ट गेलं तरी पीसी बहुधा शाबूत असतो. पीसीआय लॅन कार्ड किंवा यूएसबी-ते-लॅन अडॅप्टर लावा. फायबर काचेचं असतं, त्यातून हा धक्का येत नाही. ढग गडगडू लागले की तांब्याची केबल राउटरमधून काढून ठेवायची सवय लावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

१९. दुकानाचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं. तो पीसी नेटला जोडू का?

नको. त्याला हिशेबापुरता ठेवा आणि फाइल पेनड्राइव्हने हलवा. मेल करायचा असेल तर दुसऱ्या मशिनवरून करा. नेट लागलंच पाहिजे असं असेल तर प्रश्न ६ मधलं गेस्ट नेटवर्क वापरा, म्हणजे दुकानातल्या बाकी यंत्रांपासून तो वेगळा राहील. रोजचा बॅकअप मात्र चुकवू नका.

२०. कधी समजायचं की आता पुरे?

रॅम ५१२ एमबी, कपॅसिटर फुगलेले आणि हार्डडिस्कमधून टक्-टक् आवाज, ही तीन एकत्र आली की खर्च करू नका. डिस्क काढून तिच्यातला डेटा वाचवण्यावर तो पैसा लावा. बाकीचा पीसी अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या, भंगारवाल्याला नको. भंगारात तो उघड्यावर जाळला जाण्याची भीती असते. पीसी देताना हार्डडिस्क कधीही आत राहू देऊ नका.

२१. आईबाबांना पीसी जोडून दिला. आता "नेट गेलं" म्हणून रोज फोन येतो आणि मी लांब असतो. काय करू?

मॉनिटरच्या बाजूला एक कागद चिकटवा. मोठ्या अक्षरात, मराठीत. मी असा लिहून देतो:

"आधी फायबरच्या डब्याचे दिवे बघा. 'लॉस'चा लाल दिवा चमकत असेल तर वायर बाहेर तुटली आहे, कंपनीला फोन करा, घरात काही करू नका. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन ठीक आहे. मग डब्याचं बटण बंद करा, शंभर आकडे मोजा, चालू करा, पाच मिनिटं थांबा. तरी नाही आलं तर पीसीच्या मागची निळी वायर काढून टक् आवाज येईपर्यंत परत लावा. घड्याळात आजची तारीख आहे का बघा. मग मला फोन करा."

खाली कंपनीचा तक्रार क्रमांक आणि तुमचा ग्राहक क्रमांक लिहा. बिल हरवतं, कागद भिंतीवर राहतो.